तेहतीसच्या सरासरीचा गोलंदाज

९२ कसोटी सामने, ३११ बळी, सरासरी ३२.९४. झहीर खानच्या कसोटी कारकिर्दीचा हिशोब एका ओळीत मावतो, आणि ती ओळ त्याच्याविरुद्ध जाते. वसीम अक्रमने १०४ कसोटींत २३.६२च्या सरासरीने ४१४ गडी बाद केले. श्रीलंकेच्या चामिंडा वासची सरासरी तिशीच्या आत राहिली. १११ कसोटींत ३५५ बळी. आपल्याच जवागल श्रीनाथने ६७ कसोटींत ३०.४९च्या सरासरीने २३६ बळी मिळवले. आकडेवारीच्या तक्त्यावर बोट ठेवून कोणी म्हणाला, की झहीर हा चांगल्यांपैकी एक, एवढेच, तर त्याला चूक ठरवणे अवघड आहे. तरीही २००६ ते २०११ या काळात भारताचे सामने लक्षपूर्वक पाहिलेला माणूस या वाक्याला मान डोलावणार नाही. काहीतरी निसटते आहे असे त्याला वाटत राहील. नेमके काय निसटते, आणि ते आकड्यांतून निसटते की आपल्या पाहण्यातून, हा या लेखाचा विषय आहे.

झहीरवर जे लिहिले-बोलले गेले त्याचे ढोबळमानाने दोन प्रवाह आहेत. एक हळहळीचा : शरीराने साथ दिली असती तर काय झाला असता! दुसरा गुरुपूजनाचा : मिडऑफला उभा राहून तरुण गोलंदाजांना सांगणारा, कर्णधाराच्या शेजारी क्षेत्ररचना लावणारा, गोलंदाजांचा मास्तर. दोन्हींत तथ्य आहे. पण पहिला प्रवाह न घडलेल्या कारकिर्दीबद्दल बोलतो आणि दुसरा झहीरने इतरांना काय दिले त्याबद्दल. बावीस यार्डांवर, हातात चेंडू घेऊन त्याने स्वतः काय केले याचे वर्णन या दोहोंतही फार थोडे सापडते. एखाद्या कवीबद्दल लिहिताना त्याचा दमा आणि त्याची शिष्यशाखा यांवरच भर द्यावा आणि कविता बाजूला राहावी, तसे काहीसे हे झाले आहे.

याला एक कारण आपल्या भाषेतही आहे, असे मला वाटते. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन रुजवले आणि मराठीला क्रिकेटचे शब्द दिले, रुळवले. त्रिफळा, पायचीत, यष्टिचीत, धावचीत, निर्धाव षटक : किती नेमके आणि कानाला किती गोड शब्द आहेत हे! त्रिफळा उडाला म्हटले की तीन यष्ट्या डोळ्यांसमोर विखुरतात. पण या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते, की हे बहुतेक निकालाचे शब्द आहेत. चेंडूचे काय झाले, फलंदाज कसा गेला, हे ते सांगतात. चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोचेतो काय घडते यासाठी मात्र आपण स्विंग, सीम, रिव्हर्स, अँगल, ओव्हर द विकेट, राउंड द विकेट हे उसने शब्दच वापरतो. उसने शब्द वापरण्यात गैर काही नाही. अडचण अशी, की ते वापरताना त्यांचा अर्थ उलगडून सांगण्याची सवय आपल्याला लागली नाही. म्हणून वेगवान गोलंदाजाचे वर्णन करायची वेळ आली की वृत्तपत्रे तोफखान्याकडे वळतात : भेदक मारा, आग ओकणे, धडाडणे, फलंदाजीला खिंडार. हे शब्द डेनिस लिलीला शोभतात, मायकेल होल्डिंगला थोडे कमी शोभतात, आणि झहीरला तर जवळजवळ शोभतच नाहीत. त्याच्या उत्तम वर्षांतला त्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचा. त्या वेगाने आग ओकता येत नाही. त्या वेगाने विचार करावा लागतो.

सुरुवातीचा झहीर मात्र तोफखान्याच्या भाषेत बसणारा होता. ७ ऑक्टोबर १९७८चा त्याचा जन्म. गाव नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या टापूत कसोटी गोलंदाज तयार होण्याची परंपरा नव्हती, व्यवस्था तर नव्हतीच. बारावीनंतर इंजिनिअरिंगसाठी मुंबईत आलेला हा मुलगा नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांच्या हाताखाली आला. तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर आणि लिली यांच्यापुढे. मुंबईच्या संघात लगेच जागा मिळणे कठीण, म्हणून रणजी खेळायला तो बडोद्याकडे गेला. २०००-०१च्या रणजी अंतिम सामन्यात रेल्वेविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने ४३ धावांत ५ बळी घेतले आणि बडोद्याला करंडक मिळवून दिला. (मैदानावरचा डावखुरा वेगवान गोलंदाज ही भारतात तशी दुर्मीळच जात. त्याच्याआधी दीर्घकाळ टिकलेले ठळक नाव करसन घावरीचे. ३९ कसोटी, १०९ बळी.)

त्या मोसमाच्या आधीच तो नैरोबीत देशासाठी खेळून आला होता. ३ ऑक्टोबर २०००ला केनियाविरुद्ध पदार्पण, आणि चारच दिवसांनी, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवशी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्टीव्ह वॉचा यॉर्करवर उडवलेला त्रिफळा. त्या चेंडूचे चित्रण आजही पाहावे. लांब धाव, क्रीझजवळची उंच उडी, आणि मग सगळे वजन पुढच्या पायावर झोकून सोडलेला चेंडू. सामना निश्चितीच्या प्रकरणाने त्या वर्षी भारतीय क्रिकेटची मान खाली गेली होती. नवा कर्णधार, नवे चेहरे आणि एक कोवळा पोरगा जगज्जेत्या संघाच्या कर्णधाराच्या यष्ट्या उखडतो आहे : हे दृश्य लोकांना हवेच होते. त्यानंतर सहा वर्षे झहीरकडून लोक तोच चेंडू मागत राहिले, आणि तोही तोच चेंडू टाकायचा प्रयत्न करत राहिला. माझ्या मते त्याच्या पहिल्या कारकिर्दीची शोकांतिका इथे आहे. दुखापती हे तिचे लक्षण.

त्या पहिल्या कारकिर्दीचा कळस आणि कोसळणे एकाच स्पर्धेत झाले. २००३च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध ४२ धावांत ४ बळी घेताना तो जगातल्या कोणाही गोलंदाजाच्या तोडीस तोड दिसत होता. मग २३ मार्चला जोहान्सबर्गचा अंतिम सामना. गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले, आणि झहीरने पहिल्याच षटकात १५ धावा दिल्या. नोबॉल, वाइड, तोंडाने चकमक. ७ षटकांत ६७ धावा, बळी शून्य. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. या षटकाचे वाचन नेहमी मानसशास्त्रीय केले जाते : दडपण आले, भावनांवर ताबा राहिला नाही. ते खरे असेलही. पण तंत्राच्या अंगाने पाहिले तर दिसते, की त्या दिवशी त्याच्याकडे दुसरी योजनाच नव्हती. वेग हाच एक पर्याय. तो बिघडला तर त्यामागे काही उभे नाही. उत्तम गोलंदाजालाही वाईट दिवस येतात, पण वाईट दिवशी तो धावा तरी रोखतो. ते त्याला तेव्हा येत नव्हते.

पुढची तीन वर्षे थोडक्यात सांगण्यासारखी आहेत. डिसेंबर २००३मध्ये ब्रिस्बेनला त्याने ९५ धावांत ५ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा डाव घसरवला, आणि लगेच मांडीमागचा स्नायू दुखावून अॅडलेडच्या ऐतिहासिक विजयाला मुकला. पुढच्या वर्षी ढाक्यात तो गाजला तो अकराव्या क्रमांकावर येऊन काढलेल्या ७५ धावांसाठी. समोर सचिन नाबाद २४८, अखेरच्या जोडीची भागी १३३. तोवर इरफान पठाण आला होता, नेहरा होताच, रुद्रप्रताप सिंग येत होता. डावखुऱ्यांच्या दुर्मीळ जातीत अचानक गर्दी झाली. २००६च्या सुरुवातीच्या पाकिस्तान दौऱ्यानंतर झहीर संघाबाहेर गेला. वय सत्तावीस, आणि वेग उतरणीला लागलेला. बहुतेक भारतीय वेगवान गोलंदाजांची गोष्ट याच पानावर संपते.

इथून दुसरी कारकीर्द सुरू होते आणि ती सुरू होते वूस्टरशायरमध्ये. २००६च्या उन्हाळ्यात त्याने कौंटी अजिंक्यपदाच्या १६ सामन्यांत ७८ बळी घेतले. चेम्सफर्डला एसेक्सविरुद्धच्या एका डावात पहिले नऊच्या नऊ बळी त्याचे. यष्टिरक्षकाकडून झेल सुटला म्हणून दहावा हुकला. १३८ धावांत ९. आपल्याकडच्या लिखाणात या उन्हाळ्याचा उल्लेख ‘फॉर्म परत मिळवला’ अशा एका वाक्यात होतो. त्या कारकिर्दीतला खरा मजकूर इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

कौंटी क्रिकेट म्हणजे रोजंदारी. चार दिवसांचा सामना, एखाद्या दिवसाची उसंत, बसने पुढचे गाव, पुन्हा चार दिवस. मैदानात प्रेक्षक थोडे, टीव्हीवर चित्रण नाही, आणि परदेशी खेळाडूला क्लब पैसे देतो ते गोलंदाजी करून घेण्यासाठी. सोळा षटके टाकून तो दमला असे म्हणायची सोय नाही. अशा ठिकाणी लांब धाव आणि उंच उडी रोज परवडत नाही. झहीरने दोन्ही कमी केल्या. धाव आखूड झाली, क्रीझजवळची उडी जवळपास सपाट झाली. वेग पाच-सात किलोमीटरने उतरला असेल. त्या बदल्यात मनगट सरळ राहू लागले, चेंडू शिवणीवर पडू लागला, आणि मुख्य म्हणजे एकच चेंडू दिवसातून शंभर वेळा टाकता येऊ लागला. त्यात कौंटीत वापरला जाणारा ड्यूक्सचा चेंडू. त्याची शिवण उठावदार असते आणि ती बराच वेळ टिकते. तिच्यावर बोटे ठेवायला शिकलेला हात मग कुकाबुरावर किंवा आपल्या एसजीवरही शिवण शोधतो. वेग कमी करण्याचा निर्णय कोणत्याही वेगवान गोलंदाजासाठी आपले नाव बदलण्याइतका अवघड असतो. भारतात तर अधिकच. इथे वेगवान गोलंदाज हीच मुळात नवलाईची वस्तू. ताशी १४०चा आकडा पडद्यावर उमटला की लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या सोडून देण्याची तयारी झहीरने सत्ताविसाव्या वर्षी केली, आणि तीही कोणी बघत नसलेल्या ठिकाणी.

परतला तो त्याच जोहान्सबर्गला. डिसेंबर २००६, तेच वाँडरर्स मैदान. दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला, श्रीशांतने ४० धावांत ५ घेतले, भारत १२३ धावांनी जिंकला. दक्षिण आफ्रिकेतला तो भारताचा पहिला कसोटी विजय. स्मरणात श्रीशांत राहिला आणि ते योग्यच आहे. झहीर दुसऱ्या टोकाकडून काय करत होता हे धावफलकात अर्धेच उतरते. पण त्याने ग्रॅमी स्मिथची जी गाठ तिथे बांधली ती पुढे वर्षानुवर्षे सुटली नाही. कसोटी आणि एकदिवसीय मिळून स्मिथ त्याच्या गोलंदाजीवर डझनभराहून अधिक वेळा बाद झाला.

या गाठीचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. डावखुरा गोलंदाज नेहमीच्या बाजूने, म्हणजे ओव्हर द विकेट आला की उजव्या फलंदाजासाठी चेंडू पायांकडून ऑफच्या दिशेने तिरका जातो. फलंदाजाला तो कोन सवयीचा नसतो, म्हणूनच डावखुऱ्याला किंमत. पण समोरचा फलंदाजही डावखुरा असला तर हा लाभ नाहीसा होतो. कोन त्याला ओळखीचा होतो. स्मिथ, हेडन, स्ट्राऊस, कूक, संगकारा : त्या दशकातल्या मोठमोठ्या संघांची वरची फळी डावखुऱ्यांनी भरलेली होती. झहीर या सर्वांना राउंड द विकेट येऊन टाकू लागला. त्या बाजूने त्याचा चेंडू डावखुऱ्याच्या अंगाकडून बाहेरच्या दिशेला निघतो. फलंदाज त्याला सोडू लागतो किंवा बॅट दूर नेऊन छेडतो. मग त्याच कृतीतून, त्याच मनगटातून, एखादा चेंडू बाहेर निघता निघता आत वळतो. हातावरून कोणता चेंडू ते कळत नाही. हवेत वळतो तेव्हा उशीर झालेला असतो. पायचीत, किंवा बॅट आणि पॅड यांच्यामधून यष्टी. स्मिथची बॅट वरून तिरकी खाली येई, पुढचा पाय ऑफच्या बाजूला ताठ पडे. आत येणाऱ्या चेंडूला लागणारी नेमकी तेवढीच फट त्यात राहत असे. झहीर सहा चेंडू त्या फटीच्या बाहेर टाकून सातवा आत टाकायचा. आग ओकण्याशी याचा काही संबंध नाही. हे कुलूप उघडण्याचे काम आहे.

त्याचे उत्तम उदाहरण नॉटिंगहॅमचे. जुलै २००७, ट्रेंट ब्रिज. इंग्लंड पहिल्या डावात १९८; झहीर ५९ धावांत ४. दुसऱ्या डावात ३५५. झहीर ७५ धावांत ५. अँड्र्यू स्ट्राऊस दोन्ही डावांत त्याचाच बळी. भारत ७ गडी राखून जिंकला आणि त्या जोरावर १९८६नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. मालिकेत झहीरचे १८ बळी. या कसोटीची लोकांना आठवण आहे ती जेलीबीन्सची. झहीर फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टीवर कोणीतरी गोळ्या टाकल्या होत्या, तो चिडला, पीटरसनच्या दिशेने त्याने बॅट रोखली, आणि मग रागाने गोलंदाजी करून इंग्लंडला उडवले, अशी ती गोष्ट. गोष्ट रंगतदार आहे, पण तिचा शेवट खरा वाटत नाही. दुसऱ्या डावातली त्याची षटके पाहिली तर त्यांत रागाचा मागमूस नाही. मायकेल वॉन १२४ धावा करून बाद झाला, तोही चेंडू मांडीवर आपटून यष्टीवर गेल्यामुळे. त्या आधीचा बराच वेळ झहीर वॉनला एक धाव देऊन समोरच्या टोकाकडच्या फलंदाजाला आपल्याकडे घेत होता. रागावलेला माणूस असा धीर धरत नाही. जोहान्सबर्गला २००३मध्ये तो रागावला होता, आणि त्याचे काय झाले ते आपण पाहिलेच.

भारतात काम वेगळे. इथे नवा चेंडू दहा-बारा षटकांत मऊ पडतो. मग फिरकीवाले येतात, आणि वेगवान गोलंदाजाने बाजूला होऊन चेंडू घासत बसावे अशी प्रथा. जुन्या चेंडूने रिव्हर्स स्विंग करून झहीरने मधल्या सत्रात स्वतःसाठी जागा तयार केली. धावत येताना तो उजव्या हाताने चेंडू झाकून घेई. चकाकणारी बाजू कोणती ते फलंदाजाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसू नये म्हणून. २००८मध्ये बंगळूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९१ धावांत ५ बळी आणि फलंदाजीत नाबाद ५७. २०१०मध्ये मोहालीला, भारताने एका गड्याने जिंकलेल्या कसोटीत, दोन डावांत मिळून ८ बळी. दोन्ही सामन्यांत सामनावीर तो. तरीही त्याच्या बळींपैकी सुमारे दोन तृतीयांश परदेशांतले आहेत, आणि भारतीय गोलंदाजाच्या बाबतीत ही गोष्ट दुर्मीळ आहे. फिरकीला पोषक खेळपट्ट्यांवर घरच्या मैदानात त्याच्या वाट्याला कमी षटके आणि जुना चेंडू आला. सरासरीच्या तेहतिसात हाही हिशोब मिसळलेला आहे.

सरासरीची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र एवढ्याने खोडून निघत नाही. ९२ कसोटींत डावात पाच बळी ११ वेळा. हे प्रमाण मोठ्या गोलंदाजाचे नाही. सामन्यात दहा बळी एकदाच, तेही २०१०मध्ये मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध. पहिल्या तासात दोन-तीन गडी घेऊन दार उघडायचे, आणि पुढे तळाचे फलंदाज चिवटपणे खेळू लागले की हात टेकायचे, असे त्याच्या बाबतीत अनेकदा झाले. संपूर्ण डाव एकट्याने गुंडाळून टाकण्याची भूक त्याच्यात कमी होती, किंवा ताकद कमी होती. दोहोंत फरक करणे बाहेरून कठीण. अक्रमशी त्याची तुलना त्याच्या चाहत्यांनी करू नये. वासशी करावी, आणि तीत वासचे पारडे काही बाबतीत जड आहे हे मान्य करावे.

शरीराचा प्रश्नही टाळता येत नाही. डिसेंबर २०१०मध्ये सेंच्युरियनला तो नव्हता. भारत डावाने हरला. दरबानला तो परतला, दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात १३१, भारताचा विजय. या जोडीवरून त्याचे मोल सिद्ध करण्याची प्रथा आहे, आणि पुढच्या वर्षीच्या लॉर्ड्सने तीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली. जुलै २०११, विश्वचषक, त्यापाठोपाठ आयपीएल, मग दुखापतीमुळे सोडलेला वेस्ट इंडिजचा दौरा, आणि थेट लॉर्ड्स. १३.३ षटके, १८ धावा, २ बळी : कूक आणि स्ट्राऊस, दोघेही डावखुरे. मग मांडीमागे हात लावून तो मैदानाबाहेर गेला. भारत ती मालिका ०-४ हरला. त्या साडेतेरा षटकांइतकी परिपूर्ण गोलंदाजी त्याने क्वचितच केली असेल, आणि त्या मैदानावर उतरण्याइतका तो तंदुरुस्त नव्हता हेही तितकेच खरे. यातली जबाबदारी कोणाची? खेळाडूची आहेच. पण विश्वचषक संपल्यावर आठवडाभरात आयपीएल सुरू करणाऱ्या वेळापत्रकाचीही आहे. बत्तीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला किती षटके द्यायची याचा हिशोब ठेवणारी यंत्रणा तेव्हा आपल्याकडे नावापुरती होती. झहीर स्वतःचे शरीर ‘हुशारीने वापरतो’ असे त्याचे कौतुक होई. ते कौतुक ऐकताना वाटे, की व्यवस्थेने करायचे काम त्याच्यावर टाकून आपण त्याला शाबासकी देतो आहोत.

एकदिवसीय क्रिकेटमधले त्याचे स्थान या वादांच्या पलीकडे आहे. तीन विश्वचषकांत ४४ बळी. २०११मध्ये २१, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक. बोटांच्या पेरांवर धरून सोडलेला हळू चेंडू, नकल बॉल, त्या स्पर्धेत त्याने बाहेर काढला. अहमदाबादला उपांत्यपूर्व सामन्यात मायकेल हसीच्या यष्ट्या त्यावर उडाल्या. या गोलंदाजाने दहा वर्षांत किती दूरचा प्रवास केला ते या एका चेंडूवरून कळावे. नैरोबीला त्याने वेगाने यष्टी उडवली होती, इथे वेग काढून घेऊन.

अंतिम सामना २ एप्रिलला वानखेडेवर. पहिला टप्पा : ५ षटके, ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. उपुल थरंगा, पुन्हा डावखुरा, वीस चेंडूंत दोन धावा करून स्लिपमध्ये झेल देऊन गेला. आठ वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातल्या पहिल्या षटकाशेजारी ही पाच षटके ठेवून पाहावीत. सामन्याच्या अखेरीस त्याला पुन्हा आणले गेले तेव्हा मात्र श्रीलंकेने त्याला झोडपले. १० षटकांत ६० हा आकडा त्यामुळे झाला. म्हणजे दुसऱ्या पाच षटकांत ५४. धावफलक ही दोन निराळी कामे एका ओळीत मिसळतो. त्या रात्रीचा धोनीचा षटकार सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि राहील. गंभीरचे ९७ही आठवणीत आहेत. संध्याकाळच्या आतच, मैदान पुरते भरायच्या सुमारास टाकलेल्या तीन निर्धाव षटकांची आठवण किती जणांना आहे, कोण जाणे. निर्धाव षटक हा शब्दही शेवटी काय घडले नाही ते सांगतो.

गुरुपूजनाच्या प्रवाहाबद्दल एक शंका नोंदवून ठेवतो. झहीरने ईशांत शर्माला, श्रीशांतला, रुद्रप्रतापला मैदानावर शिकवले हे खरे, आणि त्याची कबुली त्या गोलंदाजांनी दिली आहे. पण त्याच्या उमेदीच्या काळात त्याच्याबरोबर पाच वर्षे सलग दुसऱ्या टोकाकडून टाकणारा एकही गोलंदाज भारताला मिळाला नाही. सोबती सतत बदलत राहिले. कोणी दुखापतीने गेला, कोणाचा वेग गेला, कोणाची जागा. जसप्रीत बुमराला शमी आणि उमेश मिळाले, ईशांत मिळाला. झहीरला मास्तर व्हावे लागले, कारण वर्गात बाकी सगळे नवे होते. त्याच्या बळींची संख्या पुढे ईशांतने १०५ कसोटींत गाठली, नेमके ३११च. आकड्यांत दोघे एका पायरीवर उभे आहेत.

त्याची शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४मध्ये वेलिंग्टनला झाली. वय पस्तीस. भारताकडे पहिल्या डावाची २४६ धावांची आघाडी होती आणि न्यूझीलंडची अवस्था ५ बाद ९४. त्या पाचांतले तीन झहीरचे. मग ब्रेंडन मॅकलम आणि वॉटलिंग यांनी सहाव्या जोडीसाठी ३५२ धावा जोडल्या. त्याच्याहून दहा-दहा वर्षांनी लहान असलेले शमी आणि ईशांत थकत गेले, चेंडू मऊ पडला, खेळपट्टी सपाट झाली, आणि धोनी पुन्हा पुन्हा झहीरकडे चेंडू देत राहिला. धाव आता अगदीच आखूड, वेग मध्यमगतीचा. ५१ षटके, १३ निर्धाव, १७० धावा, ५ बळी. न्यूझीलंडने ८ बाद ६८० वर डाव घोषित केला. त्या आठांपैकी पाच त्याचे. ३०२ धावा झाल्यावर मॅकलम अखेर बाद झाला तो त्याच्याच गोलंदाजीवर, धोनीकडे झेल देऊन. सामना अनिर्णित राहिला. मालिका न्यूझीलंडने १-० अशी जिंकली. झहीरला त्यानंतर कसोटी संघात घेतले गेले नाही, आणि ऑक्टोबर २०१५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. १७० धावांत ५ या आकड्याने त्याच्या सरासरीत थोडी भरच घातली.